आमटीतलं मीठ

आई,

काल पेरूवाल्याने मला टोमणा मारला. सदाशिव पेठेत दवाखान्याच्या जिन्याखाली त्याची गाडी असते. फोडीवर तिखटमीठ मागितलं, आणखी मागितलं, तिसऱ्यांदा हात पुढे केला तर म्हणाला, "पेरू खायचाय का लोणचं घालायचंय?" आणि मी फोड हातात धरून तसाच उभा, कारण तू आठवलीस. पण दवाखान्याचं आधी सांगायला हवं. नाही, त्याच्याही आधी आपलं स्वयंपाकघर.

तुझ्या मेसची मुलं जेवायला यायला अर्धा तास आहे. खिडकीच्या हिरव्या काचेतून ऊन आलंय, आमटीची वाफ त्यात शिरली की हिरवी होऊन वर जाते, आणि मी ओट्याशी तळहात पुढे करून उभा आहे. तू पळीतून दोन थेंब टाकतेस. "मीठ बघ रे." बरी असायचीस तेव्हा विचारायची नाहीस. तेव्हा तुला जिन्यातूनच कळायचं, खालच्यांकडे मेथी आलीय की शेपू. मग एखाद्या आठवड्यात भांडी टोचायला लागायची. "हळू ठेव, कानात जातंय." ताटांच्या मधे तू जुन्या साडीचे तुकडे घालायचीस. मला ते फार आवडायचं, सगळं घर कापसात ठेवल्यासारखं वाटायचं. आधी असे आवाज टोचायचे, मग तुझी चव जायची, आणि मग तूच कुठेतरी जायचीस, भिंतीकडे तोंड करून, दिवसचे दिवस.

त्या दिवशी आमटी जिभेवर पडली आणि मी तुझ्या तोंडाकडे बघितलं. म्हटलं, "बरोबर आहे." तू जरा हसलीस. अर्ध्या तासाने पहिल्या पंगतीतला तो चष्मेवाला म्हणाला, "काकू, आज समुद्राचं पाणी मागवलंत का?" सगळे हसले, तूही हसलीस, पदर तोंडाला लावून. मग माझ्याकडे बघितलंस. रागावली नाहीस. पण दुसऱ्या दिवसापासून तू मीठ चमच्याने मोजून घालायला लागलीस, आणि मला परत कधी विचारलं नाहीस.

तू गेल्यावर मी बारावी अर्धी टाकून बराच भटकलो गं, गोकर्णाला एका हॉटेलात कांदेसुद्धा चिरले. तिथल्या समुद्राचं नंतर सांगतो. सध्या नारायण पेठेत एका मित्राबरोबर खोलीत राहतो. दिवाळीपासून गाड्यांचे हॉर्न दातांत शिरतात, चहा म्हणजे गरम पाणी, आणि उठवत नाही. मित्र म्हणाला, "कुकरच्या शिट्टीला रडलास तू. चल डॉक्टरकडे." डॉक्टरबाईंनी विचारलं, आवाज बोचतात का, चव लागते का. म्हणाल्या, काहींच्या मनाचं बिनसतं ते आधी कानाला आणि जिभेला कळतं, आधी काय आणि मागून काय ते नेहमी सांगता येत नाही. मला वाटलं, या आपल्या ओट्याशी उभ्या राहून बोलतायत. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला असं व्हायचं?" मी म्हटलं, "नाही."

किती पटकन म्हटलं! तसाच खाली आलो, आणि मग तो पेरू. तिसऱ्यांदा मीठ घातलेली फोड, आणि तोंडात काहीच नाही. परत जिना चढलो. बाहेरच्या बाई म्हणाल्या, "तुमचं झालं ना?" म्हटलं, "राहिलंय." आत जाऊन सगळं सांगितलं, साडीचे तुकडे, मोजलेलं मीठ. डॉक्टर बराच वेळ लिहीत होत्या. तुला कुणीच कधी असं विचारलं नाही.

गोळी सुरू झालीय. चव अजून नाही. आज दुपारी मी आमटी केली आणि मित्राच्या तळहातावर दोन थेंब टाकले. "मीठ बघ रे." त्याने तोंड वाकडं केलं. "खारट. पाणी घाल." मी पाणी घातलं, उकळी आणली, दोघं जेवलो. एवढंच होतं गं. हा कागद आता मिठाच्या बरणीखाली ठेवतोय, दुसरीकडे कुठे ठेवणार.

त्या दिवशीची आमटी खारट होती, आई.