विचारायच्या आधीच

ती. आईस, लांबूनच, पण वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. ताईचं तुझ्याकडे येणंजाणं आहे ना?

माझं काम काय, विचारत होतीस. प्रयोगशाळेत माझ्या नळीत डीएनएचे धागे असतात. आजाराची खूण असलेला धागा टाकला, तरच नळी उजळायला हवी. माझी मेली आधीच उजळायची! रडकुंडीला आले होते. धाग्यांची टोकं आपोआप उसवत होती, म्हणून हा खोटा उजेड. मग तू शिवणीच्या शेवटी दोन टाके जादा घालतेस, तसे टोकाला दोन दुवे जादा जोडले. आता खूण येईपर्यंत नळी गुमान अंधारात बसते.

काल फोनवर मी काही विचारायच्या आधीच तू म्हणालीस, "माझा गुडघा अगदी ठणठणीत आहे हं."

आई, विचारण्याआधी आलेलं उत्तर खोटं असतं, हे ओळखायचाच मला पगार मिळतो. डॉक्टरांना कधी दाखवतेस?

तुझीच,
धाकटी