मामाचा नवा डोळा

४ मे

आज मी एक डोळा हातात धरला. डोळा!

मामाबरोबर कोणीतरी जायला हवं होतं, आईला रजा नव्हती, म्हणून माझी वरात. मामाचा डावा डोळा लेथवर काम करताना गेला, तेव्हा मी जन्मलेही नव्हते. त्या जागचा खोटा डोळा काही वर्षांनी नवा करावा लागतो. मामा सगळ्यांना सांगत सुटतो, "माझा एक डोळा कामावर, दुसरा कायमचा रजेवर."

जिना चढून वर एक खोली. मोठी खिडकी, टेबल, केसाएवढे बारीक ब्रश – आणि उथळ खणांमध्ये डोळेच डोळे! माझी बोबडीच वळली. डोळे बनवणाऱ्या बाई सत्तरीच्या असतील. म्हणाल्या, "घाबरतेस काय? ते काही तुला बघत नाहीत." आणि एक सरळ माझ्या तळव्यावर ठेवला. तो गोल नसतोच मुळी! शिंपल्यासारखा असतो. आणि पांढऱ्यावरच्या लाल शिरा म्हणजे रेशमाचे तंतू, एकेक करून बसवलेले. मी तिथून हलेचना. मामा बिचारा जांभया देत बसला.

७ मे

पुन्हा गेले. एकटीच. बाईंनी हाकललं नाही.

११ मे

आता रोजच जाते. बाईंची पद्धत अशी – माणसाला खिडकीसमोर बसवायचं, त्याच्या खऱ्या डोळ्याकडे क्षणभर बघायचं, लगेच मान वळवून रंग लावायचा. टक लावायची नाही. "जास्त बघितलंस की तुला हवं तेच दिसायला लागतं."

आपण नुसतं तपकिरी म्हणतो. आईच्या डोळ्यांत कडेला हिरवा आहे! आणि मधे अगदी बारीक सोनेरी रेघा! इतकी वर्षं हिच्याच पदराला धरून वाढले आणि पत्ता नाही. आज स्वयंपाकघरात तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. "अगं सोड, भाजी करपेल!" करपलीच.

१५ मे

आज एक छोटी मुलगी आली होती, कपाळावरचे केस डोळ्यावर ओढून घेतलेले. बाईंनी डोळा बसवला आणि आरसा दिला. तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग स्वतःलाच जीभ काढून दाखवली! तिचे बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. माझ्या अंगावर अजून काटा आहे.

मला हेच करायचंय. दुसरं काही नाही.

रात्री जेवताना सांगून टाकलं. दादा म्हणाला, "पाटी काय लावणार? 'येथे डोळे वटारून मिळतील'?" बाबा हसले नाहीत. "एवढे मार्क मिळवून रंगकाम? डोळ्यांचं वेड असेल तर डोळ्यांची डॉक्टर हो ना!" मी पण हट्टाला पेटले. शेवटी असं ठरलं – मामाचा डोळा मी रंगवायचा. बाई 'हिला जमतंय' म्हणाल्या, तर बाबा आडवे येणार नाहीत. नाही म्हणाल्या, तर मुकाट्याने अकरावीला सायन्स.

२१ मे

मामा खिडकीत. बुबुळ जमलं! बाईंनी पुढचा ब्रश हातात दिला, म्हणजे छान झालं.

मग पांढरा भाग. मामाच्या खऱ्या डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नाहीच – नाकाच्या बाजूला पिवळसर आहे, जुन्या कागदासारखा. मी पिवळ्यात ब्रश बुडवला. बाईंनी मनगट धरलं.

"पिवळा कशाला?"

"मामाच्या डोळ्यात आहे."

त्यांनी बघितलं, मान वळवली, पुन्हा बघितलं. "नाही. दोन्ही सारखे आहेत."

"बाई, आहे हो!"

"तुला नसलेलं दिसतंय. हात शिकवता येतो गं, नजर नाही शिकवता येत." आवाज मऊ होता, तेच जास्त लागलं. पिवळा न लावताच डोळा पुरा झाला.

२२ मे

मामा नवा डोळा घालून जेवायला आला. पिवळ्या दिव्याखाली बघितलं – दोन्ही अगदी सारखे. आईला विचारलं, दादाला विचारलं. "सारखेच तर आहेत!" मामाला विचारलं. "मला काय विचारतेस, माझा एकच चालतो!" सगळे हसले.

म्हणजे मलाच नसलेलं दिसतं. बाबांना म्हटलं, सायन्स घेते. ते 'बघ, मी म्हणत होतो' म्हणाले नाहीत. फक्त डोक्यावर हात ठेवला. मग मात्र मला रडू आवरेना.

१० जून

कॉलेज सुरू. जीवशास्त्राच्या पुस्तकात डोळ्याची आकृती आहे. पान उलटलं.

१७ जून

आज सकाळी दारात बाई! काळा चष्मा लावलेल्या, मागे मामा. बसा म्हटलं तरी बसेनात. बाबांनाच म्हणाल्या, "माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आधी मला सगळंच पिवळट दिसायचं, कळलंच नाही. काल ह्यांना परत खिडकीत बसवलं. पिवळा आहे. चांगला ढळढळीत आहे. तुमच्या मुलीला दिसला, मला दिसला नाही." मग माझ्याकडे वळल्या. "कधीपासून दिसत नव्हता, देव जाणे. किती जण माझे डोळे घालून हिंडतायत गावात, सगळ्यांना परत बोलवायचंय. येतेस?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा मामाला हाताला धरून खिडकीपाशी घेऊन गेले होते. बघत होते. मग म्हणाले, "कुठे? मला दाखव."