डॉक्टरांच्या तोंडची फळं

२ डिसेंबर ९८
फळबाजारात आज खाडा. सुमनला मोठ्या इस्पितळात नेलं. छातीतली गाठ. वर्षापूर्वी जुईनगरच्या दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या होत्या, वाटाण्याएवढी आहे, वाढली तर या. तेव्हापासून सु.च्या तोंडी ती वाटाणाच. कधीही विचारलं की, "हाय तेवढीच हाय ओ." वाढली म्हटलं तर दाखवायला जावं लागणार, म्हणून तिनं वाढूच दिली नाही. आज डॉक्टरांनी हात लावून पाहिलं. लिंबाएवढी.

३ डिसें.
गाळ्यावर संत्री निवडली. लक्ष नव्हतं, शेट दोनदा बोलले. वाटाणा, लिंबू. एवढं शिकून डॉक्टरांकडे आजाराला स्वतःचं माप नाही, सगळा माल आमच्याच बाजारातून उचललेला. आणि आमच्याकडे लिंबू म्हटलं की आधी विचारतात, कुठलं, केवढं. राग येतो. कोणावर काढायचा.

९ डिसें.
मोठे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन आले. सु.नं डोळे गच्च मिटले. सगळं इंग्रजीत. मला एकच शब्द कळला, ऑरेंज. नंतर त्यातल्या एका मुलीला बाहेर गाठलं. बिचारी थांबली. "काका, तिथली स्किन संत्र्याच्या सालीसारखी झालीय. बारीक खड्डे पडलेत. आमच्यात त्याला नावच तसं आहे." म्हणजे काय, विचारलं. "म्हणजे उशीर झालाय."
दिवसभर सालीवरून बोट फिरवून माल निवडणारा मी. सु.नं वर्षभर माझ्यापुढेही पदर सरकू दिला नाही.

१२ डिसें.
रिपोर्ट आले. ऑप. होणार नाही. सुया देऊन बघू म्हणाले. किती दिवस, विचारलं. "चार-पाच महिने." घरी येऊन नुसता बसलो. देवाकडे काही मागावंसंही वाटेना.

१५ डिसें.
पहिली सुई झाली. उलट्या. दुपारी जरा शांत झाल्यावर सु.नं विचारलं, "किती म्हनले डाक्टर?"
मी तिची चादर सारखी करू लागलो. बाजारात भाव रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून ठरतो, जितकी बोटं तितका आकडा, तोंडातून शब्द काढायचा नाही, हे तिला लग्नापासून ठाऊक. तिनं चादरीखालून हात पुढे केला. "तोंडानं नका सांगू."
मी पाचही बोटं धरली. महिने की वर्षं, तिनं विचारलं नाही. हातही सोडवून घेतला नाही.