तुझ्या वाट्याचा राग

आई, आज दुपारी जेवून जरा आडवी झाले आणि डोळा लागता लागता घरभर गुळाचा वास दरवळला. बावड्याकडची गुऱ्हाळं पेटली की वाऱ्यावर अजून असा वास येतो. मग झोप कुठली, तूच दिसत राहिलीस. पांढऱ्या पातळात, चर्चच्या बाकावर, माझ्या शेजारी. सगळी मंडळी प्रभूची प्रार्थना म्हणते आहे आणि इतरांना क्षमा करण्याच्या ओळीशी येऊन तू गप्प होतेस. पुढच्या ओळीला पुन्हा सुरू. पाळकांची बायको वळून बघते, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. घरी येताना मी विचारलं, तर म्हणालीस, "मनात न्हाई त्ये देवाम्होरं कशाला बोलू?"

मनात का नाही, ते मला ठाऊक होतं. तू नि बाबांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून धाकट्या मामाने तुझं माहेर बंद केलं. आजी गेली तेव्हा साधा निरोपसुद्धा धाडला नाही. दूध घालायला आलेल्या गवळ्याकडून तुला कळलं, तोवर राख सावडून झाली होती. तू चुलीपुढे नुसती बसून राहिलीस, तव्यावरची भाकरी जळून गेली. मला तेव्हा मामाचा असा राग आला की काय सांगू.

आणि पुढे कितीतरी वर्षांनी तोच मामा काकवीची किटली घेऊन दारात उभा. "आक्का, चुकलं माझं." तू त्याला बराच वेळ न्याहाळलंस. "व्हय, चुकलंच. आईचं तोंड बघू दिलं न्हाईस मला." मला वाटलं, आता हाकलतेस. तर तू म्हणालीस, "उन्हाचं आलाईस. हातपाय धू, जेवाय बस." तो जेवला, जेवता जेवता रडला, तू वाढत राहिलीस. मी काकवीला बोटसुद्धा लावलं नाही. त्या रविवारी ती ओळ तू म्हटलीस, अगदी हळू. मी चिडून म्हटलं, एवढ्यात विसरलीस? "विसरतंय कोण? अन् एकदम कुठलं माफ हुतंय गं? रोज थोडं थोडं करावं लागतंय. उद्या राग आला तर पुन्यांदा."

आता मामा अंथरुणाला खिळलाय. सकाळी त्याची मुलगी येऊन गेली. "ताई, बाबा तुमाला लई इचारत्यात. एकदा या की." उद्या येते म्हटलं खरं. तू तर त्याला केव्हाच मोकळं केलंस, आणि मी तुझ्या वाट्याचा राग इतकी वर्षं सांभाळत बसलेय. तो सोडायला हवा, हे कळतंय मला. हे पत्र टाकायचं तरी कुठल्या पत्त्यावर, गादीखाली ठेवीन झालं. पण तुला म्हणून सांगते आई, तू गेल्यापासून हा राग मनात असला की तू जवळ आहेस असं वाटतं. तो सोडला, तर तू पुन्हा एकदा जाशील, याची मला भीती वाटते.