वेलींशिवाय

३ जून

चि. बंडू यास अनेक आशीर्वाद.

चादरीचा नवा नमुना पाठवते आहे. पहिल्या कागदावर फुलं, दुसऱ्यावर पानं, तिसऱ्यावर वेली. तिन्ही कागदांच्या छपाईच्या स्क्रीन नीट एकावर एक बसव, नेहमीची घाई नको. कारखान्याच्या साहेबांना सांग, बोटभरसुद्धा जागा रिकामी ठेवलेली नाही. माणूस चादरीकडे बघत राहिला पाहिजे, हे मी तीस वर्षं सांगते आहे. खोकल्याचं औषध घेतोस म्हणे, माझा काही विश्वास नाही.

असाच जीव लावून राहा.
तुझी ताई

२० जून

ती. ताईस, कृ. सा. न. वि. वि.

औषध घेतो. पण माझ्याकडून घोटाळा झाला. घाईत तिसरी स्क्रीन लावायची राहिली आणि वेली छापल्याच गेल्या नाहीत. साहेबांनी चादर तशीच दुकानात लावली, तर लोक तिच्यावर तुटून पडले. तुझ्या दाट नमुन्यापुढे गिऱ्हाईक गोंधळतं आणि पुढे सरकतं. अगदी साध्या चादरीकडे तर ढुंकूनही बघत नाही. या चादरीपुढे मात्र थांबतं. साहेब म्हणतात, यापुढे वेली नकोत, असेच आणखी सहा नमुने द्या.

तुझ्या ओळी हल्ली घसरगुंडी खेळतात, चष्मा बदल. राग दोन दिवसांत उतरव, लोभ मात्र होता तेवढा असू दे.
तुझा बंडू

२८ जून

चि. बंडूस आशीर्वाद.

भिंग सापडेना, म्हणून पत्र शेजारच्या शिंपीणबाईंकडून वाचून घेतलं. त्यांच्यासमोर रडू आलं, लाज वाटली. फुलं कोणीही काढतं रे. वेल माझी होती. तीच नको, तर मी तरी कशाला हवी? चष्मा ठीक आहे. वेलींचा कागद परत पाठव, निदान जपून ठेवीन.

ताई

६ जुलै

ती. ताईस, सा. न.

कागद खूप शोधला, सापडत नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस. जेवत जा.

बंडू

१५ जुलै

चि. बंडूस आशीर्वाद.

हे पत्र शिंपीणबाई लिहून देताहेत, अक्षर बघून दचकू नकोस. तुझ्या हातून आजवर एक चिटोरा हरवलेला नाही, म्हणून मनात पाल चुकचुकली. काल नवी वेल काढून बाईंना दाखवली. त्यांनी माझा हात धरून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, वेल कागद सोडून टेबलावर गेली आहे.

म्हणजे जूनमधली वेलही अशीच गेली असणार, तू घाई केलीच नव्हतीस. मला सांभाळून घेतलंस, त्याचं वाईट वाटत नाही. पण साहेबांना सहा नमुने हवेत, आणि मला समोरचा कागद कुठे संपतो ते दिसत नाही. आता एवढं खरं लिही. लोकांना आवडली ती फुलं तरी मी काढलेली होती का?

तुझ्या पत्राकडे कान लावून,
ताई