गंटरची वरची काठी

मी दत्तोबा रामजी तांडेल, वय सदुसष्ट, मूळचा हर्णैचा, हल्ली राहणार रहाटणी, तालुका हवेली, देहूरोडच्या लष्करी डेपोत तंबू शिवून निवृत्त झालेला. दम लागतो, पण डोके ठिकाणावर आहे. पत्नी शेजारीच बसली असली तरी कोणाच्याही धाकाशिवाय हे लिहून ठेवतो.

१. राहत्या दोन खोल्या आणि पोस्टातली शिल्लक पत्नी सुभद्राबाईची. बेचाळीस वर्षांत तिने माझ्या होडीत पाय ठेवला नाही, म्हणून होडी तिला देऊन त्रास देत नाही.

२. शिडाच्या सुया, मेण आणि सुई रेटायचा हाताचा चामडी पट्टा जावई ज्योतीराम यांना. त्यांची शिवण वाकडी जाते. पट्टा वापरावा, लाजू नये.

३. होडी व शीड मुलगी सारजा हिला. डेपोतल्या गोऱ्या साहेबासाठी मी ती बांधली आणि सत्तेचाळीस साली जाताना तो मलाच देऊन गेला. तिच्या शिडाची जोडणी गंटर पद्धतीची आहे. साहेब सांगे, गंटर हा तीनशे वर्षांपूर्वीचा विलायती गणिती. त्याच्या पट्टीसारखी वरची काठी बुटक्या डोलकाठीवर सरकत चढते, म्हणून हे नाव. काम झाले की दोन्ही काठ्या होडीतच मावतात. लहानपणी सारजा एकटी शीड चढवायची. मला त्याचा फार अभिमान वाटे.

४. वरची काठी सध्या देवाकडे आहे. चार वर्षांपूर्वी जत्रेच्या सकाळी भैरोबाच्या निशाणाची काठी वाळवीमुळे मोडली. मानकरी होते शेजारी सोपानराव. मी पेन्शन आणायला डेपोत गेलो असताना त्यांनी माझी काठी नेली, शेंदूर लावला आणि संध्याकाळी येऊन म्हणाले, "देवाला वाहिली, आता मागू नका राव. येवढ्याशा होडीला दोन काठ्या कशाला?" देवाकडून परत कोण मागणार? नवी करावी तर माझ्याने रंधा धरवत नाही. तेव्हापासून होडी पवना नदीच्या काठावर पालथी आहे.

५. म्हणून खालची बुटकी डोलकाठी मी सोपानरावांना देतो. एक नेलेली, एक दिलेली, अशा दोन्ही त्यांच्याकडे होतील. मग दोन कशाला ते कळेल.

६. खरे तर शीड एकदा डोळ्यांदेखत वर जावे, एवढेच मला हवे आहे. पण मृत्युपत्रात जिवंतपणीचे काही मागता येत नाही, असे वकील म्हणतात.

मुक्काम रहाटणी, दि. १८ नोव्हेंबर १९५६.
सही: दत्तोबा रामजी तांडेल

साक्षीदार १: आबाजी गेनू काळे. सही.

साक्षीदार २: सोपानराव तात्याबा नखाते. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज न्हाई म्हणत्यात, पर कागद दोन दिस माझ्याकडं व्हता तवा मी वाचला. दत्तोबा, तुमी गेल्यावर मिळणारी काठी मला नको. देवाला नवी काठी करायला पंच व्हय म्हणाले. तुमची घिऊन रविवारी सकाळी नदीवर येतो. सारजाला सासरी भोसरीला सांगावा धाडलाय. सही.