डावीकडची पट्टी

५ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे ते आधी विचारते. नाहीतर म्हणशील, भाचीला कामापुरती आत्या आठवते.

तर काम असं. आमच्या संग्रहालयाला एक जुनी अँब्युलन्स मिळते आहे. इतकी वर्षं ती लाकडाच्या वखारीत कोंबड्यांचं खुराडं म्हणून उभी होती. वखारवाला छातीठोकपणे सांगतो की गिरणीच्या आगीत दिवसभर जखमींना नेणारी गाडी ती हीच. नंबरप्लेट नाही, इंजिन भलत्याच गाडीचं आणि रंगाचे थरावर थर. जुन्या गाड्या तपासणं हे माझं काम, तेव्हा खरी की खोटी ते मी सांगायचं. खरी ठरली तर दालनात जाईल, नाहीतर भंगारात.

त्या दिवशी गाडीत नर्स म्हणून तूच होतीस. आतून ती कशी होती ते आठवेल तसं लिही. फक्त त्या कंपाउंडरच्या भानगडीत शिरू नकोस, पत्र समितीपुढे वाचायचं आहे.

लोभ उधार ठेव, आल्यावर वसूल करते.

तुझी भिंगरी

१४ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

गुडघा जिथे होता तिथेच आहे. आणि कंपाउंडर मला नव्हे, माझ्या डब्याला भुलला होता, हे समितीला खुशाल वाचून दाखव.

गाडीबद्दल लिहायला बसले आणि दोनदा उठले. पेशंटचं डोकं ड्रायव्हरकडे, पाय दाराकडे. उजवीकडे माझी दुमडायची सीट. तिथे बसून मी पेशंटचा हात धरायची. नाडी बघायला म्हणून, पण खरं तर नुसताच धरायची. डावीकडे खिडकीखाली एक लाकडी पट्टी होती. भाजलेल्या माणसाला खड्ड्याखड्ड्यांतून नेताना काय होतं ते तुला नको सांगायला. एक हात माझ्या हातात असायचा, दुसऱ्याने ती माणसं पट्टी ओरबाडायची.

दुसऱ्या दिवशी गाडी पुसताना पट्टीवर नखांचे ओरखडे दिसले. एका विणकराच्या लोखंडी अंगठीने खोल खाच पडली होती. नंतर रंगारी आला, पण ती पट्टी मी त्याला रंगवू दिली नाही. भांडला बिचारा. ते ओरखडे असतील तर गाडी तीच. नसतील तर नाही, मग वखारवाला काहीही म्हणो.

समितीला नमस्कार, तुला धपाटा, आणि उरलेला लोभ सगळा तुलाच.

आत्या

९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

परवा तू इतक्या लांब बोलावलंस म्हणून आले होते, तुझा अहवाल नीट ऐकला. डावीकडची पट्टी कोरी निघाली, सीटच्या बिजागऱ्यांच्या खुणाही भलत्याच बाजूला. सगळंच बाईंच्या सांगण्याच्या उलट आहे आणि वयोमानाने आठवणींची सरमिसळ होते, असं तू वाचलंस. बाई म्हणालीस ते बरोबरच, सभेत आत्या कसं म्हणणार. मागच्या रांगेतून कुणीतरी साठी बुद्धी नाठी म्हणालं आणि लोक हसले. मी खिडकीबाहेर बघत बसले.

घरी येऊन खूप विचार केला. तू त्यातली जाणकार, तू कशाला खोटं सांगशील. म्हणजे मीच कुठेतरी चुकले. ते ओरखडे मी पाहिले, की मनाने रचले आणि सांगून सांगून मलाच खरे वाटायला लागले? मला लाज वाटते गं. दुकानात जायचं तरी वाटतं की लोक मागून बोलत असतील. नर्सिंगच्या मुलींना शिकवायला जात होते, तेही बंद केलं. जिला स्वतःची गाडी धड आठवत नाही, तिच्याकडून पोरींनी काय शिकायचं?

माझ्यामुळे तुझ्या नावाला बट्टा लागला असेल तर माफ कर. पुन्हा मला काही विचारू नकोस. लोभाला मात्र हात लावू नकोस, आहे तिथे राहू दे.

आत्या

२१ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र लिहायचा मला कंटाळा, पण फोनवर मी ओरडतो आणि तू ठेवून देतेस. म्हणून लिहितो.

ताईला मी आपल्याकडे घेऊन आलोय. दिवसभर खुर्चीत डोळे मिटून बसते आणि हवेत हात फिरवते, गाडीत चढल्यासारखे. विचारलं तर आठवतंय का ते बघते म्हणाली. माझ्या बहिणीला तू चारचौघांत खोटं पाडलंस आणि तिला बसस्टँडवर सोडायलासुद्धा गेली नाहीस. बाप म्हणून माझी मान खाली गेली, एवढंच सांगायचं होतं.

काल मात्र जरा हसली. मी जिन्यावरून घसरलो (हाडं शाबूत आहेत), तर माझ्यासमोर बसून खांदा बघत होती. डावा हात वर कर म्हणाली. मी आपला तिच्या डाव्या बाजूचा, म्हणजे माझा उजवा उचलला. झालं, जुन्या नर्सबाई जाग्या झाल्या. दवाखान्यात डावं म्हणजे पेशंटचं डावं, डॉक्टरचं नाही की ड्रायव्हरचं नाही, असं म्हणून मला चांगलं झापलं. ओरडा खाऊन इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

ये आणि तिची माफी माग. बापाचा लोभ हवा असेल तर या वेळी रागासकट घ्यावा लागेल.

बाबा

२ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

लिहायला हात धजत नाही. बाबांचं पत्र वाचताना एका ओळीशी अडकले आणि तशीच उठून वखारीत गेले. भंगारवाल्याचा ट्रक दारात होता, गाडीला दोर बांधणं चाललं होतं. त्यांना थांबवून आत चढले आणि स्ट्रेचरच्या जागी आडवी झाले. डोकं ड्रायव्हरकडे, पाय दाराकडे. डावा हात उचलला. तो गाडीच्या उजव्या भिंतीला लागला.

त्या भिंतीवर वखारवाल्याने पत्रा ठोकलाय. मी तो काढून पाहिलाच नव्हता, कारण तू डावीकडे म्हणाली होतीस आणि मी ड्रायव्हरचं डावं धरून बसले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आता पत्रा काढला. आत्या, पट्टी आहे. ओरखडे आहेत. अंगठीची खाच आहे, माझं बोट आत बसलं. सगळंच उलट आहे असं मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. सगळंच उलट असेल तर आपणच उलट्या उभ्या असू, हे मला सुचू नये?

पण चुकले याची इतकी लाज नाही. डावं म्हणजे कुणाचं, एवढं तुला विचारायला काय झालं होतं मला? आत्याची बाजू घेते असं समितीला वाटू नये म्हणून नाही विचारलं. आणि तो वयोमानाचा शब्द वजनदार दिसावा म्हणून मुद्दाम घातला. लोक हसले ते मला ऐकू आलं होतं, तरी मी पुढचं पान वाचत राहिले. तुला स्टँडवर सोडायला आले नाही, कारण तू मला काही बोलली नसतीस आणि तेच मला सोसलं नसतं. ते आठवलं की भुईत गडप व्हावंसं वाटतं.

काल सभेत हे सगळं सांगितलं आणि अहवाल मागे घेतला. मागची रांग या वेळी मला हसली, आणि मी कमावलेलंच होतं ते. गाडी आता दालनात जाईल, शेजारी तुझ्या नावाची पाटी लागेल. तू ये. माझं तोंड बघवणार नसेल तर मी त्या दिवशी सुट्टी घेते.

लोभ मागायचं तोंड राहिलं नाही, म्हणून मागत नाही.

भिंगरी

१० सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. (दातओठ खाऊन, पण आशीर्वादच.)

खोटं कशाला बोलू, पत्र वाचून आधी राग आला. तोवर सगळा राग मी माझ्यावरच काढत होते.

गाडी भंगारात गेली असती तरी चाललं असतं. पण पट्टी खोटी तर ते हातही खोटे, असं मला वाटायला लागलं होतं. त्यातली कित्येक माणसं दवाखान्यात पोचलीच नाहीत. शेवटी त्यांचा हात कुणीतरी धरला होता, आणि ती मी होते. एवढ्या एका गोष्टीवर मी ताठ मानेने जगले. ती तू माझ्याकडून काढून घेतलीस, आणि तूच परत आणून दिलीस. दोन्ही माझ्या लक्षात राहतील.

पाटी लावायचीच तर लांब लावा. पट्टीला पॉलिश लागलं तर माझ्याशी गाठ आहे. पोरींचा वर्ग परत सुरू केला. पहिल्या दिवशी डावं म्हणजे कुणाचं, एवढंच शिकवलं. उदाहरण कुणाचं दिलं ते विचारू नकोस, पोरी पोट धरून हसल्या.

सुट्टीबिट्टी काही घ्यायची नाही. गुरुवारी येते. लोक यायच्या आधी गाडी उघडून ठेव आणि आडवी हो. मी माझ्या सीटवर बसून तुझा उजवा हात धरीन. डाव्याचं काय करायचं ते तुझं तू बघ.

लोभ होता तिथेच आहे, डावीकडे. माझ्या डावीकडे, ड्रायव्हरच्या नव्हे.

आत्या